ओळंबा, गुण्या, पाणसळ : धाराशिवच्या वास्तूंकडून रेषा शिकताना

आजचा विषय वास्तुरेखाटनाचा आहे. इमारत कागदावर कशी उतरवायची, त्यामागची भूमिती कुठून आली आणि ज्याने आजवर पट्टी-पेन्सिल हातात धरली नाही त्याने सुरुवात कुठून करायची, असे तीन प्रश्न घेऊन मी बोलणार आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला लुडबुड करावी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर सरळ आहे. वस्तू ‘दिसते कशी’ आणि ‘असते कशी’ हा आमच्या शास्त्राचा जुना वाद. आम्ही तो शब्दांनी घालतो. नकाशा काढणाऱ्याला तो पेन्सिलीने मिटवावा लागतो, आणि चुकला तर भिंत वाकडी येते. आमचं चुकलं तर फार तर परिसंवाद लांबतो.

नव्याने शिकणाऱ्याला दोन भीती असतात. पहिली म्हणजे ‘माझा हात चांगला नाही’. दुसरी, ‘माझं गणित कच्चं आहे’. इतिहास पाहिला तर या दोन्ही भीतींना फारसा आधार सापडत नाही. हा इतिहास बघायला पॅरिस किंवा मुंबईपर्यंत जायची गरज नाही, आपल्या धाराशिव जिल्ह्यात तो पुरेसा आहे. तेरला तो विटेत आहे, नळदुर्गला दगडात आहे, आणि उमरगा-लोहारा भागात तो १९९३च्या ढिगाऱ्यात होता. तिथपर्यंत आपण क्रमाने जाऊ.

आधी गवंड्याच्या पिशवीकडे बघा. तिच्यात काय असतं? थापी असते, सूत असतं, आणि तीन हत्यारं हमखास असतात : ओळंबा, पाणसळ आणि गुण्या. ओळंबा सांगतो सरळ खाली कुठे. पाणसळ सांगते आडवं कुठे. गुण्या सांगतो काटकोन कुठे. ‘ओळंबा’ हा शब्द संस्कृत ‘अवलंब’वरून आला, आणि ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून. दोरी धरणारा तो सूत्रधार. पंधराव्या शतकात मेवाडात राणा कुंभाच्या पदरी मंडन नावाचा सूत्रधार होता. त्याच्या ‘राजवल्लभ’ या ग्रंथात कारागिराच्या आठ साधनांची यादी आहे. त्यात दोऱ्या आहेत, अवलंब आहे, काटकोनाचं लाकडी साधन आहे, आखणीचं साधन आहे. पण यादीत पहिलं नाव कशाचं आहे? ‘दृष्टी’चं. नजर हे पहिलं हत्यार. हात चांगला की वाईट हा प्रश्नच तिथे नाही. नजर तयार झाली की हात मागून येतो, असा त्या यादीचा मी अर्थ लावतो.

आता ही तीन हत्यारं ध्यानात ठेवा आणि माझ्याबरोबर थोडं फ्रान्सला चला. गास्पार मोंज नावाचा माणूस, जन्म १७४६चा, बाप व्यापारी. मेझिएर गावात लष्करी अभियंत्यांची शाळा होती, पण अधिकाऱ्यांच्या वर्गात प्रवेश घराणं बघून मिळायचा. मोंजला घेतलं ते नकाशे काढायला. एकदा त्याच्याकडे तटबंदीचं काम आलं. शत्रूच्या माऱ्यापासून आतली जागा झाकली जाण्यासाठी भिंत किती उंच हवी, ते काढायचं होतं. तेव्हा हे लांबलचक आकडेमोडीने काढत. मोंजने ते रेषांनी सोडवलं, आणि इतक्या लवकर की वरिष्ठ अधिकारी उत्तर बघायलाच तयार होईना. पद्धत खरी निघाली तेव्हा सरकारने ती लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली. पुढे राज्यक्रांती झाली आणि १७९५ मध्ये पॅरिसच्या नव्या अध्यापक शाळेत मोंजने ती उघड शिकवली. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मुलं ज्या विषयाला घाबरतात, तो हा विषय.

त्याचं मर्म काय? एक उभा कागद आणि एक आडवा कागद काटकोनात ठेवा. मध्ये वस्तू धरा. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून उभ्या कागदावर लंब टाका, आडव्यावरही टाका. उभ्यावर मिळेल ते दर्शनी चित्र, आडव्यावर मिळेल तो तलविन्यास, ज्याला आपण बोलताना ‘प्लॅन’ म्हणतो. मग आडवा कागद खाली वळवून उभ्याच्या रेषेत आणा. दोन्ही चित्रं आता एकाच सपाट कागदावर आली, आणि त्या दोघांवरून वस्तूची कुठलीही लांबी, कुठलाही कोन काढता येतो. उभं म्हणजे ओळंबा, आडवं म्हणजे पाणसळ, आणि त्या दोघांना जोडणारा काटकोन म्हणजे गुण्या. मोंजने काही कमी मोठं काम केलं नाही. जे जागेवर दोरीने व्हायचं ते त्याने कागदावर होईल असं केलं, आणि त्याला नियम दिले. पण ज्याच्या घरी ही पिशवी आहे, त्याच्यासाठी हा विषय परका नाही, एवढं मला सांगायचं आहे.

आता तेरला येऊ. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचं नाव येतं ते व्यापारी नगर, आणि आपल्यासाठी गोरोबाकाकांचं गाव. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे. समोर उभं राहिलात तर एक मंडप दिसतो आणि त्यामागे उंच, कमानी पाठीचं गर्भगृह. चित्र काढायला बसलात तर पुढचा भाग काढाल आणि उठाल. पण मंदिराला प्रदक्षिणा घाला, पावलं मोजा आणि तलविन्यास काढा. मागची बाजू चौकोनी येत नाही, अर्धवर्तुळाकार येते. अभ्यासक तिला गजपृष्ठ म्हणतात, हत्तीच्या पाठीसारखी. हा आकार बौद्ध चैत्याचा. म्हणून हेन्री कझिन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी, हे मूळचं चैत्यगृह असावं आणि पुढे वैष्णव मंदिर झालं असावं, असं मत मांडलं. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला, हेही आराखड्यावर लगेच कळतं. एका वास्तूच्या आयुष्यातल्या दोन अवस्था आणि कदाचित दोन धर्म, एका पानावर. समोरच्या चित्रात हे येत नाही.

इथे तत्त्वज्ञानाचा एक छोटा मुद्दा सांगतो. तलविन्यास हा कुणालाच कधी न दिसणारा देखावा आहे. इमारत कमरेच्या उंचीवर आडवी कापून, वरचा भाग उचलून, अनंत अंतरावरून खाली बघितल्यासारखं ते चित्र. माणसाच्या डोळ्याला दूरची वस्तू लहान दिसते, इथे नाही. म्हणजे हे कुणा एकाचं ‘दिसणं’ नव्हे, आणि म्हणूनच ते सगळ्यांना मोजता येतं. पण ते अपुरंही आहे, कारण उंची त्यात नाही. दर्शनी चित्रात उंची आहे, खोली नाही. छेदात आतलं दिसतं, पण एकाच रेषेवरचं. प्रत्येक चित्र खरं, आणि एकटं कुठलंच पूर्ण नाही. जैन दर्शनातला अनेकांतवाद हेच सांगतो. धाराशिवच्या लेण्यांशी जैन परंपरेचा जुना संबंध आहे. मुनी कनकामरांच्या अपभ्रंश ‘करकंडचरिउ’ काव्यात तेरापूरच्या लेण्यांची कथा येते. वर्गात अनेकांतवाद शिकवायला मला फळ्यावरचा हत्ती लागायचा. आता वाटतं, एका घराचे तीन नकाशे काढले असते तर काम लवकर झालं असतं.

याच लेण्यांचे आराखडे जेम्स बर्जेस यांच्या १८७८च्या अहवालात आहेत. बर्जेस मूळचे गणिताचे शिक्षक. आधी कलकत्त्याला शिकवलं, मग मुंबईला. पुराणवस्तूंकडे ते नंतर वळले. अवशेष नुसते वर्णन करून भागत नाही, मोजून काढावे लागतात, ही शिस्त अशा लोकांनी घालून दिली.

नळदुर्गला आणखी एक माणूस होता, नव्याने शिकणाऱ्याला धीर देणारा. फिलिप मेडोज टेलर. १८२४ मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो मुंबईला आला, आणि पुढे निजामाच्या फौजेत लागला. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचं नाव झालं, ते आपल्याला माहीत असतं. पण जमिनीची मोजणी, बांधकाम, चित्रकला हे सगळं तो नोकरी करता करता स्वतः शिकला. १८३७ मध्ये त्याच्या दख्खनमधल्या रेखाटनांचं पुस्तक लंडनला निघालं. १८५३ मध्ये नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा तिथला कारभार त्याच्याकडे आला आणि १८५७ पर्यंत तो तिथे होता. तो परक्या सत्तेचा अधिकारी होता, हे विसरू नये. मोजणी आणि महसूल हातात हात घालूनच चालतात. पण कुठल्याही शाळेत न जाता, बघत आणि काढत माणूस किती पुढे जाऊ शकतो, याचं ते उदाहरण आहे.

आणि नळदुर्गमध्ये बघायचं काय? बोरी नदीवर बांध घालून किल्ला आणि रणमंडळ जोडलेले आहेत, आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३चं हे काम. कारागीर म्हणून मीर इमादीन याचं नाव सांगितलं जातं. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे कोसळतात, लोक फोटो काढतात. फोटोत काय येतं? पाणी आणि एक दगडी भिंत. महालात उभं राहिलेल्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जातं आणि तो कोरडा कसा राहतो, हे फोटो सांगत नाही. तलविन्यासही नीट सांगत नाही. त्यासाठी छेद काढावा लागतो. सुरी घेऊन बांध आडवा कापला आहे अशी कल्पना करा. एका बाजूला साठलेलं पाणी, मध्ये दगडाची जाडी, त्या जाडीत उतरणारा जिना, खोली, आणि दुसऱ्या बाजूला उघडणारी खिडकी. खिडकीसमोरून पडणारं पाणी. एवढं काढलं की कोडं सुटतं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, तेर तुम्हाला तलविन्यास शिकवेल, नळदुर्ग छेद शिकवेल. फी नाही, बसचं तिकीट तेवढं काढा.

आता शाळेकडे वळू. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नकाशे काढणाऱ्यांचे वर्ग निघाले. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिक्षण उर्दूतून. म्हणजे आपल्याकडच्या मराठी मुलाला भूमिती शिकायची तर आधी भाषेचा उंबरा ओलांडावा लागे. १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा इकडच्या शाळांतही रुळल्या. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं आज त्यांना बसतात. काही हरकत नाही. पण त्यात एका विषयाचं नाव बघा : कर्तव्य भूमिती. किती चांगलं नाव आहे! कर्तव्य म्हणजे करायची. सिद्धांत पाठ करायचा नाही, कंपास धरून आकृती उभी करायची. कांट म्हणतो की गणिताचं ज्ञान संकल्पना नुसती तपासून येत नाही, ती रचून येतं. हेच आपल्या परीक्षामंडळींनी दोन शब्दांत बसवलं. इंटरमिजिएटला तिच्या जोडीला घनभूमिती येते. तीच मोंजची वाट.

आणि ही भूमिती बाजारात रोज चालू असते. पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जा आणि नरसाळं करायला सांगा. समजा शंकूचं तोंड १४ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या ७, आणि तिरकी बाजू २१. पत्रा किती कापायचा? २१ त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. ७ भागिले २१ म्हणजे एक तृतीयांश. ३६० अंशांचा एक तृतीयांश १२०. तेवढी पाकळी कापून वळवली की शंकू तयार. जोडाला थोडी पट्टी जास्त ठेवायची, आणि खालचं टोक नळीच्या मापाने कापायचं. पुस्तकात याला पृष्ठाचा विकास म्हणतात. कारागीर काहीच म्हणत नाही, कापतो.

इथवर मी शिकण्याचा आनंद सांगितला. आता शिकण्याची गरज सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सरकारी आकड्यांप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव सगळीकडे झालं. आपल्याकडचं सास्तूर आणि आसपासची गावंही उद्ध्वस्त झाली. माणसं मेली ती भिंतींखाली आणि माळवदाखाली. त्या भिंती बाहेरून बघितल्या तर भक्कम. दोन-अडीच फूट जाड, काळा दगड, गावाला अभिमान वाटावा अशा. पण त्या भिंतीचा छेद काढा. बाहेर एक दगडाचा थर, आत एक दगडाचा थर, आणि मध्ये माती आणि चिपा. दोन थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे भिंत एक नव्हतीच, शेजारी शेजारी उभ्या दोन पातळ भिंती होत्या. वर माळवद, पाऊस लागू नये म्हणून वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीचे थर चढवलेलं. हादरा बसल्यावर दोन्ही थर एकमेकांपासून फुगून सुटले आणि वरचा बोजा खाली आला. जिथे खणाचा लाकडी सांगाडा चांगला होता, तिथे भिंती पडूनही तो उभा राहिल्याची उदाहरणं आहेत.

बाहेरून बघणाऱ्याला हे दिसत नव्हतं, छेदातच दिसलं असतं. नळदुर्गच्या बांधाला जी नजर लागते तीच इथे लागते. तिथे आत महाल सापडतो. इथे आतली पोकळी सापडली असती. आपल्या आजोबा-पणजोबांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. लाकूड महाग होत गेलं, दगड आणि माती हाताशी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या असा हादरा कुणी अनुभवला नव्हता. पण चांगली भिंत आणि जाड भिंत यातला फरक सांगणारं चित्र गावात कुणालाही काढता येणं, ही शोभेची कला नाही.

यानंतर पुनर्वसन झालं. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात घरं ठरली : भूमिहीन आणि छोट्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. गावांचे नकाशे आले. आणि इथे मराठीची एक अडचण बघा. आपण गावाच्या नकाशाला नकाशा म्हणतो, तलाठ्याकडच्या शेताच्या कागदाला नकाशा म्हणतो, घराच्या तलविन्यासालाही नकाशाच म्हणतो. माणसाला ‘नकाशा बघा, पसंत आहे का’ विचारलं तर तो काय बघेल? चौकोन दिसतील. त्या चौकोनात चौक नाही, ओसरी नाही, बैल बांधायला जागा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, हे कागदावरून कळायला वाचता यावं लागतं. अनेक नव्या गावांत सरळ रस्ते आणि एकसारख्या रांगा आल्या, आणि जुन्या गल्ल्यांची शेजारपणाची घडी मोडली. घरं भूकंपात टिकतील अशी झाली, ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. पण राहणारा आणि आखणारा यांच्यात बोलणं व्हायचं तर दोघांना एक भाषा यावी लागते. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावातल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. भिंतीत आरपार दगड का बसवायचा, हे त्या शेजारणीला समजावून सांगू लागल्या. लिहिता-वाचता येण्याइतकंच हेही साक्षरतेचं काम होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की वास्तुरेखाटन ही फक्त वास्तुविशारदांची विद्या नव्हे. घर बांधणाऱ्याला, घर विकत घेणाऱ्याला, ग्रामसभेत शाळेच्या खोलीला मंजुरी देणाऱ्याला ती थोडी तरी यायला हवी. सगळ्यांनी इंजिनिअर व्हावं असं मी म्हणत नाही. आपल्याला सगळ्यांना लिहिता येतं, म्हणून आपण सगळे लेखक होत नाही. पण अर्ज तर लिहितो.

सुरुवात कशी करायची? सामान थोडं : एक पेन्सिल, पट्टी, गुण्या, कंपास, मोजपट्टीचा टेप आणि ए-४ कागद. पहिल्या आठवड्यात स्वतःची खोली मोजा आणि १:५० प्रमाणात तलविन्यास काढा. जागेवरचा एक मीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. भिंतीची जाडी दाखवा, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवा. याच प्रमाणात १० फूट बाय २५ फुटांचं, म्हणजे २५० चौरस फुटांचं घर काढून बघा. कागदावर ते साधारण ६.१ बाय १५.२ सेंटिमीटर भरतं. त्यात सहा फुटी खाट मांडा, चूल मांडा, दोन पेट्या मांडा. त्या घरात राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुठल्याही अहवालापेक्षा लवकर कळेल.

दुसऱ्या आठवड्यात त्याच खोलीची एक भिंत समोरून काढा. तिसऱ्या आठवड्यात छेद काढा : पाया, जमीन, भिंत, छत. जे दिसत नाही ते जुन्या गवंड्याला विचारा. तो सांगेल, आणि सांगताना जमिनीवर बोटाने रेघ ओढेल. ती रेघ नीट बघा, तो छेदच असतो. चौथ्या आठवड्यात मात्र पट्टी घरी ठेवा आणि मोकळ्या हाताने रेखाटन करा. तुळजापूरला देवळाच्या पायऱ्या उतरताना एका बाजूला बसा. दूरची पायरी लहान दिसते, ते तसंच काढा. मोजणीचं चित्र वस्तूशी प्रामाणिक असतं, रेखाटन डोळ्याशी. दोन्ही आल्याशिवाय दिसणं आणि असणं यातला फरक हाताला कळत नाही.

रेषा वाकडी येईल. येऊ द्या. पुसू नका, शेजारी दुसरी काढा. कुठली बरोबर ते ओळंबा लावून ठरवा. माझ्याही भिंतीवर अजून एक ओळंबा टांगलेला आहे, सवयीसाठी.

पुढच्या महिन्यात ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या घरातल्या सर्वांत जुन्या भिंतीचा छेद काढून आणावा. प्रश्नांना आता वेळ देऊ या.